लक्ष्मीपुढे मांडलेला आकडा

विक्रम स्वतः गाडी घेऊन कर्वेनगरला आला, तेव्हाच शकूच्या लक्षात आलं की माहेरी आज आपली गरज पडली आहे. एरवी तिला जायचं असलं की ती बसनं जायची आणि हिंजवडीच्या चौकातून रिक्षा करायची. भाच्याला म्हणे मीटिंगा असायच्या. आज रविवारच्या सकाळी साहेब सोसायटीच्या दारात हजर, वर पुन्हा "सावकाश ये आत्या, घाई नाही." इतकी माया उतू जायला लागली की शकूला आधी पर्स सांभाळावीशी वाटायची.

चांदणी चौक मागे पडेपर्यंत तो उन्हाचं, ट्रॅफिकचं, कशाकशाचं बोलत राहिला. मग एकदम म्हणाला, "तू फक्त 'थांबू या' एवढंच म्हण. बाकी मी बघतो."

"आणि दादा काय म्हणतोय?"

"अण्णा म्हणतायत, उद्या सगळं काढा. सगळं म्हणजे सगळं. आत्या, हे करेक्शन आहे गं. दर काही वर्षांनी येतं. लोक पॅनिक होऊन तळाला विकतात आणि वर गेलं की महाग घेतात. हिस्टरी बघ ना."

शकूनं हिस्टरी बघितली नव्हती. ती बघत होती तो आकडा. दिवाळीनंतर शेअर बाजार जो उतरणीला लागला, तो शिमगा आला तरी थांबायचं नाव घेईना. रोज सकाळी चहाच्या आधी ती मोबाईल उघडायची, आणि आकडा खाली दिसला की दिवसभर जिवाला चैन पडायचं नाही. एखाद्या दिवशी तो थोडा वर यायचा, नाही असं नाही. पण तो आनंद भाजी फोडणीला पडेपर्यंतही टिकत नसे. तेवढाच वर, तेवढाच खाली. मग खाली गेल्याचंच इतकं का बोचावं, हे तिला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर तिलाही सगळं काढून मोकळं व्हावंसं वाटत होतं. विक्रमला ती हे बोलली नाही.

पैसा आंब्याच्या वावराचा होता. त्या वावरावर आता काचेची इमारत उभी होती आणि शेजारच्या भाताच्या खाचरांतून कंपन्यांच्या बसगाड्यांचा रस्ता गेला होता. जमीन विकताना लेकीकडून हक्कसोड लिहून घ्यायची गावातली सरसकट रीत. तिच्या वडिलांनी, म्हणजे गेनबा आबांनी, ती मोडली आणि शकूचा वाटा ठेवला. दादानं, म्हणजे विक्रमच्या बापानं हिंदुरावनं, ते गिळलं. पचवलं का, हे मात्र शकूला आजवर उमगलेलं नव्हतं. पुढे विक्रमच्या सल्ल्यानं सगळी रक्कम म्युच्युअल फंडात गेली, तीही तिघांच्या नावे एकत्र: आबा, दादा आणि शकू. तिघांनी हो म्हटल्याशिवाय त्यातला पैसा हलणार नव्हता.

म्हणजे आज 'हो' म्हटलं तर भाचा तोंडावर पडणार. 'नाही' म्हटलं आणि बाजार आणखी बुडाला, तर बहिणीनं घर बुडवलं असं दादा आयुष्यभर म्हणणार. पैसा गेला तर तिचं कसंबसं भागलं असतं. पण नवरा गेल्यापासून न विचारता चप्पल काढून आत जावं असं तिला ते एकच घर उरलं होतं, आणि आज ते पणाला लागलं होतं.

*

बंगल्यात शिरल्याशिरल्या मुक्तावहिनीनं तिला स्वयंपाकघरात ओढलं. गॅसवर वांगी भाजायला ठेवली होती आणि वहिनीचा आवाज वांग्यांनाही ऐकू जाऊ नये इतका खाली आला होता.

"वन्सं, देऊन टाका काय असंल ते. तुमच्या भावाला झोप न्हाई. जेवताना मोबाईल, न्हाणीत मोबाईल. देवळात जायाचं सोडलं त्यांनी."

"देवळात का जात नाही?"

"लोकं इचारत्यात ना."

काय विचारतात, हे शकूला सांगावं लागलं नाही. खाचरं होती तेव्हा लक्ष्मीपूजनाला चौरंगावर नव्या भाताची चार शेरांची पायली शिगोशीग भरून मांडायची. एकदा मांडली की ती वर्षभर कुणी हलवायची नाही. लक्ष्मीपुढे मांडलं ते कमी होऊ द्यायचं नाही, हा आबांचा नियम. खाचरं गेली तशी पायली माळ्यावर गेली. तेव्हा विक्रम थट्टेनं म्हणाला होता, "आता मोबाईलच ठेवा चौरंगावर." थट्टा केली तर ती ऐकणाऱ्याला कळेल याची खात्री हवी. हिंदुरावनं दुसऱ्याच वर्षी खरंच मोबाईल मांडला, कडेनं हळदकुंकू वाहिलं, आणि आरती झाल्यावर जमलेल्या भावकीपुढे फंडाचा आकडा खणखणीत आवाजात वाचला. मग दर दिवाळीला तेच. दर दिवाळीला आकडा मागच्यापेक्षा मोठा. गेल्या दिवाळीचा तर त्यानं दोनदा वाचला, मागच्या रांगेतल्यांना ऐकू गेला नसेल म्हणून.

रोज हलणाऱ्या आकड्याला पायलीचा नियम लावायची ही बुद्धी जगात दुसऱ्या कुणाला झाली नसेल. पण शकूला हसूही येईना. कारण आकडा वाचला जात होता तेव्हा तीही हात जोडून उभी होती, आणि तिच्याही मनात तोच आकडा 'आपला' म्हणून बसला होता. मूळ घातले किती, हे आता कुणाच्या लक्षातही नव्हतं.

पोर्चमध्ये आबा खुर्चीत बसले होते. नव्वदीला आलेले, पण टोपी अजून सरळ. शकूनं पायांना हात लावला.

"आलीस बाय? बस." मग रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "रविवारचं ह्ये गाव लई उदास वाटतं. बसगाड्या न्हाईत, पोरंपोरी न्हाईत."

"हो ना."

"तुला येक सांगतो. माझ्या बापानं दिलेली जिमीन म्या इकली. आता निदान पैका तरी हाय तेवढा ठिवून जाऊ दे मला. म्या हाय तवर त्यो कमी हुऊ नये, बास."

तो कमी झाला आहे, हे आबांना कुणीच सांगितलं नव्हतं. शकूच्या ओठांवर आलं होतं. पण म्हाताऱ्याचा हात तिच्या मनगटावर होता, आणि ती नुसतंच "बरं आबा" म्हणाली.

*

बैठक हॉलमध्ये बसली. विक्रमची बायको शेफाली लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात. ती सदाशिव पेठेतली, आयटीतली. या घरात बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याचा चहा निवायचा. आबांनाही खुर्चीसकट आत आणलं. त्यांच्या उजव्या कानाला कमी ऐकू येई, म्हणून हिंदुराव सोयीस्करपणे उजवीकडेच बसला.

"मुळशीत प्लॉट बघितलाय," हिंदुराव म्हणाला. "डोळ्यांनी दिसतो, पायांखाली येतो. काढायचे आन् तितं घालायचे. संपला इषय."

"अण्णा, प्लॉटचे भाव पण पडतात," विक्रम म्हणाला. "फक्त ते रोज मोबाईलवर येत नाहीत, म्हणून तुम्हाला कळत नाही."

"मग बरंच हाय की ते!"

शेफाली लॅपटॉपमागे हसली असावी.

"आणि आपलं मुद्दल शाबूत आहे," विक्रमनं पुन्हा धरलं. "मुद्दल सोडून वर अजून चांगली वाढ आहे. लॉस झालेलाच नाहीये. तुम्ही दिवाळीच्या आकड्याशी तुलना करताय."

"मग कशाशी करू? भावकीपुढं वाचलाय मी त्यो! तू मला मुद्दल शिकवू नको. तूच म्हनलास, थांबा. पौषात म्हनलास थांबा, माघात म्हनलास थांबा. तुझं काय जातंय थांबायला?" हिंदुराव पुढे झुकला. "तुझं सोताचं सांग. तुझं किती बुडालं?"

विक्रम मागे टेकला. पंख्याकडे बघत राहिला.

"त्याचं काही बुडालं नाही, अण्णा," शेफाली शांतपणे म्हणाली. "त्यानं त्याचं सगळं गेल्याच महिन्यात काढून घेतलंय. मलाही बँकेचा मेसेज आला तेव्हा कळलं. नवऱ्यापेक्षा बँक बरी, निदान कळवते तरी."

 शकूला आधी संताप आला. म्हणजे गाडीत इतका वेळ हिस्टरी सांगत हा आपल्याला थांबवत होता, आणि स्वतः केव्हाच किनाऱ्याला लागला होता. तिनं त्याच्याकडे रागानं बघितलं. विक्रमचे डोळे भरून आले होते.

"मला सगळं माहितीये," तो म्हणाला. "चार्ट माहितीये, सगळं माहितीये. तुमच्या पैशाच्या वेळी ते बरोबर आठवतं. माझ्या पैशाच्या वेळी नाही आठवलं. रोज ऑफिसमध्ये जो तो लाल आकडे दाखवायचा. एक दिवस दुपारी जेवायला गेलो आणि ताटावर बसल्याबसल्या विकून टाकलं. आत्या, शप्पथ, तुम्हाला मी खोटं नाही सांगितलं. मी सांगितलं ते बरोबरच होतं. मलाच ते जमलं नाही."

"झालं की मग!" हिंदुराव मांडीवर हात आपटून म्हणाला. इतक्या महिन्यांनी त्याचा चेहरा उजळला होता. पोराची फजिती झाली याचा नाही, आपण एकटेच भित्रे नव्हतो याचा तो आनंद होता. "डाक्टरच औषध घेईना, आपून कशाला घ्यायचं? शेफाली, काढ गं."

शेफालीनं सासऱ्याकडे पाहिलं, मग शकूकडे. "मी फॉर्म भरते. तिघांना ओटीपी येतील. तिन्ही लागतील."

हिंदुरावचा आला. आबांचा मोबाईल हिंदुरावच्याच खिशात असायचा, तोही वाजला. मग शकूच्या पर्समध्ये टिंग झालं आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

तिनं मोबाईल काढला. पडद्यावर तो नंबर होता. नुसता वाचून दाखवायचा होता. त्या क्षणी तिला जे वाटलं ते भीतीचं नव्हतं, सुटल्याचं होतं. वाचून टाकावा, उद्या सकाळी आकडा बघायला नको, परवा नको, कधीच नको. चहा गोड लागेल. दादा खूश, आबा खूश, आणि ठपका कुणावर आलाच तर तो विक्रमवर. किती सोपं होतं! आणि इतकं सोपं वाटलं म्हणूनच ती थबकली, कारण नेमकं हेच सुख समोरच्या पोरानं महिन्यापूर्वी घेतलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काही गेलेली दिसत नव्हती.

"विकल्यावर झोप लागली का रे विक्रम?"

"दोन दिवस लागली. मग आता परत कधी घालायचे, याचा घोर. वर गेलं तर राग येतो, खाली गेलं तर... बरं वाटतं." त्यानं मान खाली घातली. "तुमचे पैसे त्यातच आहेत, तरी बरं वाटतं."

"शके, नंबर," हिंदुराव म्हणाला.

"थांब. दादा, पैसे लागणार आहेत का आपल्याला? कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं?"

"लागत न्हाईत. प्रश्न लागन्याचा न्हाई."

"मग कशाचा आहे?"

हिंदुराव रागावणार असं तिला वाटलं होतं. पण तो बोलला तेव्हा त्याचा आवाज लहान झाला होता. "मला देवळात जाता येईना, शके. जिमीन हुती तवा पीक गेलं तर समद्यांचं जायाचं, कोन कुनाला इचारतंय? आता माझ्या एकट्याचं हाय. कट्ट्यावरची समदी म्हनत्यात, हिंदुराव, आता किती? हसत हसत इचारत्यात. निदान एकदा काढले की सांगता यील, मी काढले. मी शाना."

शकूला भावाची दया आली. आजवर तिला वाटत होतं की दादाला पैशाची भूक आहे. तो बिचारा कट्ट्यावरच्या एका वाक्यासाठी तडफडत होता.

"मग असं करू," ती म्हणाली. आपण काय बोलतोय हे तिला बोलताना नीट कळत होतं. "आजचा जो आकडा आहे, तो तुझा आणि आबांचा पक्का धर. दिवाळीपर्यंत त्याच्या खाली जे जाईल ते माझ्या वाट्यातून कापून घे. वर जाईल ते तिघांचं. मग तर भीती नाही?"

"आत्या, तुम्ही हे विचार करून बोलताय का?" शेफालीनं विचारलं.

"नाही. विचार करकरूनच ही वेळ आली."

तिनं दादाकडे पाहिलं आणि तिला त्याच्या चेहऱ्यावरची भीती जाताना दिसली. घडी मोडावी तशी ती गेली. बाजार तोच होता, आकडा तोच होता. पडलंच तर ते दुसऱ्याचं पडणार, एवढंच बदललं होतं. क्षणभर तो हो म्हणणार होता. शकूनं ते पाहिलं, आणि ते तिला लागलं.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनीचा आवाज आला. "भनीच्या वाट्यातनं भरून घेनार? आन् मग दिवाळीला भावकीपुढं ते पन वाचून दाखवा."

"तू गप गं," हिंदुराव म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते.

"काय भरून घ्यायचं?" आबा एकदम म्हणाले. डावा कान शकूच्या बाजूला होता, आणि त्यांना हवं तेवढं ऐकू आलं होतं. "काय रं, कमी झालंय का काय?"

 शकूला उत्तर देता आलं असतं, पण तिनं दिलं नाही. हे दादानंच सांगायला हवं होतं. हिंदुराव उठला, आबांच्या डाव्या बाजूला गेला आणि गुडघ्यावर बसला.

"व्हय आबा. कमी झालंय. दिवाळीपास्नं."

"किती?"

 आकडा हिंदुरावला उच्चारवेना. शेवटी म्हणाला, "आसं समजा, पायलीतलं शेरभर गेलं. शेराला थोडं कमीच."

"आन् बाकी हाय?"

"हाय."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "शेरभर तर उंदरं खायाची."

"क्काय?"

"मग! वरीसभर पायली चौरंगावर उघडी, उंदरं काय उपाशी ऱ्हात्यात व्हय? तुमची आय दिवाळीच्या आदल्या दिशी वरनं भर घालायची. तुमाला पोरांना कमी झालेलं दिसू नये म्हनून." त्यांनी टोपी परत घातली. "म्या सारकं बघायला जायाचो, किती खाल्लं. तर तुमची आय म्हनायची, बघून उंदीर थांबनार हाय का?"

पहिली शेफाली हसली, मोठ्यानं, माहेरी हसावं तशी. मग वहिनी. हिंदुराव हसला नाही. तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला, बापाच्या खुर्चीचा हात धरून. लहानपणापासून ज्या नियमाचा धाक बाळगला, त्याच्यात उंदीर होते हे पचायला त्याला वेळ लागत होता.

"अण्णा," शेफाली म्हणाली, "ओटीपीची मुदत संपली. परत मागवू?"

हिंदुराव उठला. गुडघे वाजले. त्यानं शकूकडे पाहिलं आणि चिडल्यासारखा म्हणाला, "तुझ्या वाट्याला हात लावायला मी काय परका हाय व्हय गं? पडलं तर तिघांचं पडंल." मग शेफालीकडे वळून, "नको मागवूस. बंद कर ते."

'तिघांचं.' इतक्या वर्षांत हा शब्द दादाच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकला होता. तिनं पटकन मोबाईल पर्समध्ये टाकला आणि वांगी करपली का बघायच्या निमित्तानं आत गेली, कारण हॉलमध्ये रडायची तिला लाज वाटली.

*

ऊन उतरल्यावर ती निघाली. विक्रम गाडी बाहेर काढत होता. तो दिवसभर कुणाशी फारसं बोलला नव्हता, पण जेवताना हिंदुरावनं त्याच्या ताटात न विचारता भाकरी वाढली होती, आणि त्यानं ती मुकाट खाल्ली होती.

नवरा होता तोवर निघताना वहिनी शकूची ओटी भरायची. तो गेल्यापासून ती नुसतीच निघायची. कुणी काही म्हणायचं नाही, तीही म्हणायची नाही; फाटकापर्यंतचा रस्ता तेवढा लांब वाटायचा. आज ती गाडीत बसली आणि मागून हिंदुरावची हाक आली.

त्याच्या हातात पायली होती. माळ्यावरची जळमटं त्याच्या बाहीला लागली होती. ती पुसून त्यानं आत तांदूळ भरले होते, शिगोशीग.

"पदर धर."

"दादा, अरे मला ओटी..."

"ओटी कोन म्हनतंय? तांदूळ हाय. विकतचाच हाय, पर घरातला हाय. धर."

तिनं पदर धरला. त्यानं पायली ओतली. थोडे तांदूळ गाडीत सांडले, ते तो वेचायला लागला, तर वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता, काय एकेक दाना मोजताय."

गाडी वाकडच्या पुलाखाली आली. उद्या सोमवार. सकाळी बाजार उघडणार होता, वर जाणार की खाली, कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिला अजून तितकीच भीती वाटत होती. सवयीनं तिच्या मनात आलं की एकदा आकडा बघावा. पण मोबाईल पर्समध्ये होता, पर्स पायाशी होती, आणि पदर सुटू नये म्हणून तिचे दोन्ही हात गुंतले होते.